व्हाळाकडचं शेवाळ, खडपावरचं शेवाळ

गेल्या महिन्यात भाचा पुण्याहून मालवणला आला, तो पिशवीतून एक हिरवी पुडी काढतच. पोरगं वर्षभर जिमला जातंय. "मावशी, ही बघ, समुद्री शेवाळाची पावडर. डाळीपेक्षा जास्त प्रोटीन आहे म्हणे यात. तू ह्याच्यावरच एमएस्सी केलीस ना? खरं आहे का गं?"

मी पुडी उलटसुलट करून पाहिली. प्रोटीन इतके टक्के, लोह इतकं, आयोडीन इतकं, वर 'शंभर टक्के नैसर्गिक' असा शिक्का. शेवाळाची जात कुठली, कुठल्या किनाऱ्यावरून काढलं, कुठल्या महिन्यात काढलं, यातलं एक अक्षर नाही. "खोटं नसेल," मी म्हटलं, "पण हे म्हणजे स्थळाच्या पत्रिकेत नुसती उंची लिहून पाठवल्यासारखं झालं." त्याला हो की नाही, एवढंच हवं होतं. मी सुरू झाले आणि अर्ध्या तासात तो झोपाळ्यावर झोपी गेला. त्याला सांगायचं राहिलं ते इथे लिहिते आहे. वाचताना तुम्ही झोपलात तर मला दिसणार नाही, हा ब्लॉगचा फायदा.

वीसेक वर्षांपूर्वी कोल्हापुरात वनस्पतिशास्त्रात एमएस्सी करत होते. प्रकल्पाला विषय निवडायचा होता. बाकीच्यांनी औषधी वनस्पती घेतल्या, मी शेवाळ घेतलं. कारण अगदी साधं: नमुने आणायला गावी जायचं, म्हणजे एसटीचं तिकीट सोडलं तर खर्च नाही, आणि वर आईच्या हातचं जेवण. अल्वा नावाचं हिरवं शेवाळ दोन जागांवरून आणायचं, वाळवायचं, कुटायचं आणि त्यातला नत्र, म्हणजे नायट्रोजन, मोजायचा. प्रथिनं बांधायला तोच लागतो. पहिली जागा म्हणजे आमच्या वाडीचा व्हाळ, म्हणजे ओढा, समुद्राला मिळतो तिथली. घरांचं सांडपाणी, मासळी धुतलेलं पाणी, सगळं त्या व्हाळातून येतं. दुसरी जागा तिथून वीस मिनिटांवरचं खडप, म्हणजे समुद्रकाठचा खडकाळ भाग. तिथे उघड्या समुद्राची लाट सरळ येऊन आपटते आणि सुकतीला, म्हणजे ओहोटीला, बायका कालवं काढायला जातात.

फेब्रुवारीतल्या पुनवेच्या उधाणाची सुकती गाठून मी दोन पिशव्या भरल्या. अंगणात दोन जुन्या चादरींवर शेवाळ पसरलं, शेजारी आईचे बांगडे सुकत होते. (मांजर बांगड्याकडे वळलं, शेवाळाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्या संशोधनाचं ते पहिलं मूल्यमापन.) दोन्ही अल्वाच, पण शेजारी शेजारी पसरल्यावर वेगवेगळ्या जातींची वाटावीत अशी. व्हाळाकडचं गर्द, केळीच्या जून पानासारखं हिरवं. खडपावरचं पोपटी, कडांना पिवळट. आईनं कमरेवर हात ठेवून निवाडा दिला, "व्हाळाकडचा बरा दिसता. खडपारचा उपाशी आसा."

मी हसले. मग प्रयोगशाळेतून आकडे आले आणि हसायचं कारण उरलं नाही. व्हाळाकडच्या अल्वात नत्र चांगलाच जास्त निघाला. आईनं नुसत्या रंगावरून सांगितलं होतं, आणि त्यात जादू काही नव्हती. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूत नत्राचे चार अणू असतात. नत्र नाही तर हरितद्रव्य नाही, हरितद्रव्य नाही तर रंग नाही. भातशेती केलेल्या बाईला पिवळं रोप बघून युरिया कमी पडलाय हे कळतं, तसंच हे.

आता हे 'उपाशी' प्रकरण नीट बघू.

शेवाळ खडकाला चिकटतं तो भाग मुळासारखा दिसतो, पण मूळ नव्हे. ती नुसती पकड. वादळानंतर किनाऱ्यावर येऊन पडलेलं शेवाळ आमचे आजोबा माडांच्या बुडात टाकायचे. माड ते मुळांनी शोषून घेतो, पण खुद्द शेवाळाला तशी सोय नाही. ते अंगानं खातं. सगळ्या अंगाचंच तोंड. त्यामुळे कोण किती भराभर खाणार हे अंगाच्या ठेवणीवर ठरतं. अल्वाची पात फक्त दोन पेशींच्या थरांची. पापडही तिच्यापुढे जाडा. तिची प्रत्येक पेशी एका बाजूनं पाण्याला लागलेली, म्हणून पाण्यात काही आलं की ती लगेच ओढून घेते. आमच्याच खडपांवर सारगॅसम असतं, तपकिरी, चिवट, फुग्याफुग्यांचं. त्याचं अंग जाड, आकारमानाच्या मानानं पृष्ठभाग कमी, म्हणून ते सावकाश खातं, पण साठवूनही ठेवतं. अल्वा रोजंदारीवर जगतं, सारगॅसमच्या घरात कणगी असते.

दुसरी गोष्ट पाण्याच्या हालचालीची. पंगतीत भात संपलेला नसतो, पण वाढपी आपल्या रांगेत फिरकला नाही तर पान रिकामंच. शेवाळाच्या पृष्ठभागाला लागून पाण्याचा एक पातळसा, जवळजवळ स्थिर थर असतो. त्यातला नत्र शेवाळानं खाल्ला की बाहेरचा नत्र त्या थरातून झिरपत झिरपत यावा लागतो. लाट जोरात असेल तर हा थर पातळ होतो आणि वाढप सुरू राहतं. संथ डबक्यात तोच थर जाड होतो. म्हणजे माझ्या खडपावरचं शेवाळ लाटेच्या तोंडाशी असल्यामुळे खरं तर मजेत असायला हवं होतं. पण फेब्रुवारीत त्या पाण्यात वाढायलाच फारसं काही नव्हतं. वाढपी धावतोय, हातातलं भांडं रिकामं. हे माझ्या सरांनी फळ्यावर न लिहिता, चहाचा कप हलवून दाखवत समजावलं होतं. बशीत सांडलेला चहा अजून आठवतो.

आणि वाढलं जातं तेही सगळं एकसारखं नसतं. समुद्रात नत्र मुख्यतः दोन रूपांत मिळतो, नायट्रेट आणि अमोनियम. आमच्या कोकणात 'भात' म्हटलं की शेतातलंही भात आणि ताटातलाही भात, आणि पाहुण्यांचा गोंधळ. नायट्रेट म्हणजे शेतातलं भात. कांडा, पाखडा, शिजवा, मग खा. शेवाळाला आधी नायट्रेटचं नायट्राइट करावं लागतं, मग त्याचं अमोनियम, आणि मग कुठे त्यातून अमिनो आम्लं बनतात. पहिल्या पायरीच्या विकराला (एन्झाइमला) लोह आणि मॉलिब्डेनम लागतं, शिवाय ऊर्जा खर्च होते ती वेगळीच. अमोनियम म्हणजे ताटातला भात, घास घ्यायचा आणि गिळायचा. म्हणून दोन्ही समोर असतील तर बहुतेक शेवाळं आधी अमोनियमवर तुटून पडतात. अमोनियम येतं माशांच्या, कालवांच्या, खेकड्यांच्या उत्सर्गातून, आणि अर्थात आपल्या व्हाळांतून. त्यातही उपाशी शेवाळ हावरट असतं. नत्रावाचून राहिलेल्या शेवाळाला अमोनियम दिलं तर पहिल्या काही मिनिटांत ते जितक्या वेगानं ओढतं तितका वेग नंतर राहत नाही. एकादशी सोडणाऱ्या माणसाचे पहिले चार घास बघितलेत ना, तसं.

आत आलेल्या नत्राचं पुढे काय होतं, ह्यात मला सगळ्यात जास्त रस आहे.

आमच्याकडे मे महिन्यात आगोट भरतात. तांदूळ, सुकी मासळी, कोकमं, मिरच्या, लाकडं. पावसात होडी समुद्रात जाणार नाही हे ठाऊक असतं, म्हणून चार महिन्यांची बेगमी. थंड समुद्रातली मोठी तपकिरी शेवाळं, ज्यांना केल्प म्हणतात, नेमकं हेच करतात, फक्त उलट्या ऋतूत. चॅपमन आणि क्रेगी या दोघांनी कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातल्या केल्पवर केलेलं काम १९७७ साली प्रसिद्ध झालं. हिवाळ्यात पाण्यात नायट्रेट भरपूर, पण उजेड कमी. केल्प तेव्हा नायट्रेट आत भरून ठेवतं, बाहेरच्या पाण्याच्या हजारो पट. वसंतात पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींची, म्हणजे प्लवकांची, वाढ होऊन पाण्यातलं नायट्रेट संपतं, तरी केल्प आपल्या कणगीवर आणखी दोनेक महिने वाढत राहतं. मग उन्हाळा येतो. ऊन भरपूर, नत्र मात्र संपलेला. अशा वेळी प्रकाशसंश्लेषणातून साखर तयार होतच राहते, पण प्रथिनं बांधायला नत्र नाही. ती साखर मग लॅमिनारिन आणि मॅनिटॉलच्या रूपात साठत जाते. तेच केल्प मार्चमध्ये काढलंत तर प्रथिनाकडे झुकलेलं, ऑगस्टच्या आसपास काढलंत तर पिष्टमय. पुडीवर जात लिहिली असती तरी महिना नाही तर उपयोग काय, हे मी भाच्याला सांगत होते तेव्हाच त्याचे डोळे मिटायला लागले होते.

मुद्दा असा की प्रथिनं आणि शर्करा यांचं शेवाळात सासू-सुनेसारखं असतं. एकीचं राज्य आलं की दुसरी मागच्या खोलीत. याचं सगळ्यात सुरेख उदाहरण म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातलं चायना ग्रास. लहानपणी आई दुधात चायना ग्रास घालून वड्या थापायची, वर वेलची आणि गुलाबपाणी. ते चायना ग्रास म्हणजे आगर, आणि आगर येतं जेलिडियम, ग्रासिलारियासारख्या लाल शेवाळांच्या पेशीभित्तिकेतून. ग्रासिलारियाला नत्राचं खत भरपूर दिलं की ते झपझप वाढतं, गडद होतं, प्रथिनं वाढतात आणि आगराचं प्रमाण घसरतं. उपाशी ठेवलं की वाढ मंदावते, रंग उडतो आणि आगराचं प्रमाण चढतं. कॅनडातल्या नीश नावाच्या शास्त्रज्ञानं कॉन्ड्रस या लाल शेवाळात कॅरागीनन या आगरासारख्याच पदार्थाच्या बाबतीत १९७० च्या सुमारास हेच दाखवलं, आणि त्याला त्याचंच नाव पडलं, 'नीश परिणाम'. म्हणजे खाण्यासाठी शेवाळ लावणारा आणि आगरासाठी लावणारा, दोघांनी एकाच बियाण्यापासून सुरुवात केली तरी शेवटच्या दिवसांत दोघांना उलट गोष्टी हव्या असतात. एकाला पोट भरलेलं पीक हवं, दुसऱ्याला काढणीआधी थोडं उपाशी राहिलेलं. माझ्या लहानपणच्या त्या वड्या बहुधा कुठल्यातरी उपाशी शेवाळाच्या असतील.

समुद्रातल्या सूक्ष्म प्लवकांच्या अंगात कार्बन, नत्र आणि स्फुरदाच्या (फॉस्फरसच्या) अणूंचं सरासरी प्रमाण १०६ : १६ : १ असतं, हे रेडफील्डचं गुणोत्तर पुस्तकात सगळे शिकतात. १९८३ मध्ये ॲटकिन्सन आणि स्मिथ यांनी जगभरच्या समुद्रशेवाळांचे आणि समुद्रगवतांचे आकडे एकत्र करून मध्यम प्रमाण काढलं, ते आलं ५५० : ३० : १. नत्राच्या एका अणूमागे प्लवकात साडेसहा कार्बन, तर शेवाळात अठरा. अंगाचा सांगाडा, चिकटा, भिंती सगळ्या शर्करेच्या बांधायच्या म्हटल्यावर हे होणारच. माझ्या भाच्याच्या भाषेत, शेवाळ मुळात कार्ब्स. प्रोटीन आहे, पण ते खायला मिळालं असेल तर. म्हणून तर पुस्तकांतले आकडे इतके विसविशीत असतात. तपकिरी शेवाळांत सुक्या वजनाच्या ३ ते १५ टक्के, हिरव्या-लाल शेवाळांत १० पासून थेट ४७ टक्क्यांपर्यंत प्रथिनं, असं सांगितलं जातं. त्यातला वरचा टोकाचा आकडा पोर्फायराच्या कुळाचा, म्हणजे जपानी नोरीचा. सुशी या जपानी पदार्थाभोवती गुंडाळतात ती काळी पापडी.

नोरीची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही, कारण ती माझ्या व्हाळाची आणि खडपाचीच गोष्ट आहे, फक्त अख्ख्या देशाच्या मापाची.

नोरीचा जांभळट काळा रंग फायकोएरिथ्रिन या रंगद्रव्यामुळे येतो, आणि फायकोएरिथ्रिन हे प्रथिन. शेवाळ ते उजेड पकडायला वापरतंच, पण नत्राची तिजोरी म्हणूनही वापरतं. अडचण आली की आधी ती तिजोरी फोडतं. म्हणून पाण्यातला नत्र कमी झाला की नोरी फिकी पडते, पिवळट तपकिरी होते. जपानीत याला 'इरोओची' म्हणतात, म्हणजे रंग उतरणं. रंग उतरलेल्या नोरीला भाव नाही. २०००-०१ च्या हिवाळ्यात आरिआके समुद्रात डायटम प्लवकांची वाढ झाली, त्यांनी पाण्यातला नत्र आधीच फस्त केला आणि नोरीचं पीक बसलं. सेतो अंतर्देशीय समुद्राची कथा तर आणखी विचित्र. एकेकाळी कारखान्यांनी आणि शहरांनी तो समुद्र इतका घाण केला की तिथे वारंवार लाल भरती यायची, म्हणजे प्लवकांच्या बेसुमार वाढीनं पाणीच लाल व्हायचं. मग १९७० च्या दशकात कडक कायदा झाला, सांडपाणी स्वच्छ होऊ लागलं, समुद्र निवळला. इतका निवळला की नोरीचा रंग उडायला लागला. शेवटी काही ठिकाणच्या सांडपाणी प्रकल्पांनी हिवाळ्यात शुद्धीकरण मुद्दाम थोडं सैल करायला सुरुवात केली, नोरीला नत्र मिळावा म्हणून. २०२१ मध्ये कायद्यातच दुरुस्ती होऊन समुद्राला मोजूनमापून पोषकद्रव्यं पुरवायची वाट मोकळी झाली. हे मी वर्गात सांगते तेव्हा मुलं हसतात. मी हसत नाही. घाण आणि खत यांत फरक प्रमाणाचा आहे, हे आपल्या शेणकीला माहीत असतं, कायद्याला शिकायला पन्नास वर्षं लागली.

आणि ही नोरी काही फक्त जपानची नाही. तिचं एक भावंड, पोर्फायरा व्हिएतनामेन्सिस, पावसाळ्यात आपल्या कोकणच्या आणि गोव्याच्या खडकांवर उगवतं. जुलै-ऑगस्टात, लाटा बेभान असताना, भरतीच्या वरच्या रेषेजवळच्या खडकांना जांभळट ओली कातडी चिकटल्यासारखी दिसते, ते हे. दसऱ्यापर्यंत गायब. त्या दिवसांत खडपावर जाण्याइतकं वेड मला एकदाच लागलं होतं. गुडघा फुटला, मूठभर शेवाळ मिळालं, आईनं आठवडाभर अबोला धरला.

आता माझी फजिती. दोन झाल्या.

पहिली आकड्यांची. शेवाळातलं प्रथिन थेट मोजत नाहीत. नत्र मोजतात आणि एका गुणकानं गुणतात. ही पद्धत केल्डालची, १८८३ मधली, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेतली, म्हणजे मूळ काम बिअरच्या जवाचं. प्रथिनांत साधारण १६ टक्के नत्र असतो असं धरलं की गुणक येतो ६.२५. मी तोच लावला आणि व्हाळाकडच्या अल्वाचा आकडा घेऊन नाचत सरांकडे गेले. सरांनी एकच विचारलं, "सगळा नत्र प्रथिनातच आहे असं शेवाळानं लिहून दिलंय का?" लिहून दिलं नव्हतं. पोट भरलेल्या शेवाळात न वापरलेलं अमोनियम, सुटी अमिनो आम्लं, रंगद्रव्यांतला नत्र असं बरंच काही असतं. म्हणून समुद्रशेवाळांसाठी ५ च्या आसपासचा गुणक धरावा असं आता मानतात. समजा नत्र ४ टक्के आहे. ६.२५ नं गुणलं तर प्रथिनं २५ टक्के, ५ नं गुणलं तर २०. शेवाळ तेच, पाव हिस्सा फुगवटा. भाच्याच्या पुडीवर कुठला गुणक लावला असेल याची मी पैज लावू शकते.

दुसरी फजिती आईनं केली, अगदी मायेनं. दुसऱ्या खेपेचे नमुने मी परसात बादलीत ठेवून शेजारी गेले. परत येते तर आईनं सगळं शेवाळ नळाखाली तीन पाण्यांनी खळखळून धुऊन, पाणी निथळायला चाळणीत घातलेलं. माठाची भाजी धुते तसं. "केवढी रेव होती गो," म्हणाली. रेव गेली खरी, पण तिच्याबरोबर माझा पालाश, म्हणजे पोटॅशियमही, गेला. समुद्राच्या पाण्यात सोडियम पोटॅशियमच्या सत्तावीस-अठ्ठावीस पट असतं, तरी शेवाळ निवडून पोटॅशियम आत भरतं. म्हणून तर शेवाळाची राख एके काळी पोटॅशसाठी जाळायचे, आणि म्हणून आजोबांच्या माडांना ते मानवायचं. माडाला पालाश लागतोच. पण ही सगळी साठवण पेशीच्या आत, खाऱ्या पाण्याच्या हिशोबानं ठेवलेली. गोड्या पाण्यात टाकलं की पेशी फुगतात, काही फुटतात आणि विरघळणारं जे जे आहे ते नळाच्या पाण्याबरोबर मोरीत. त्या खेपेचे राखेचे, म्हणजे खनिजांचे, आकडे इतके खाली आले की सरांनी मलाच विचारलं, नमुना गाळलास की काय. मी आईचं नाव सांगितलं नाही.

आयोडीनचं प्रकरण मात्र अल्वाचं नव्हे, केल्पचं. १८११ मध्ये फ्रान्समध्ये बर्नार कुर्त्वा हा नेपोलियनच्या युद्धांसाठी सोरा बनवत होता. शेवाळाच्या राखेत त्यानं गंधकाम्ल जरा जास्त ओतलं आणि जांभळी वाफ उठली. तेच आयोडीन. समुद्राच्या एका लिटरमध्ये आयोडीन जेमतेम ०.०६ मिलिग्रॅम, आणि लॅमिनारिया डिजिटाटा या केल्पच्या सुक्या वजनात ते एक टक्क्याच्या आसपास पोचू शकतं. एवढा साठा कशासाठी, हे पुष्कळ उशिरा, २००८ च्या सुमारास नीट कळलं. ओहोटीत उघडं पडल्यावर उन्हानं, ओझोननं जे नुकसान होतं त्यावर आयोडाइड ढालीसारखं वापरलं जातं. म्हणजे आपल्या गलगंडाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता, तो आपण लावला. आणि अल्वात आयोडीन केल्पच्या मानानं अगदी कमी. तेव्हा 'समुद्री शेवाळात आयोडीन' हे वाक्य 'माशात काटे' इतकंच उपयोगी आहे. पापलेट की पाला मासा, ते सांगा.

एका गोष्टीवर मात्र मी गंभीर होते. शेवाळाचं तोंड अंगभर असलं तरी ते फार चिकित्सक नसतं. स्फुरद आत घ्यायची जी दारं आहेत, तिथून आर्सेनेटही आत शिरतं, कारण दोघांची घडण सारखी. द्वारपालाला जुळ्या भावांतला फरक कळत नाही. बहुतेक शेवाळं मग त्या आर्सेनिकचं आर्सेनोशर्करांत रूपांतर करून त्याचं विष बरंच कमी करतात. पण हिजिकी नावाचं जपानी शेवाळ, जे सारगॅसमच्याच कुळातलं आहे, त्यात असेंद्रिय आर्सेनिक इतकं असतं की ब्रिटनच्या अन्न प्रमाणक संस्थेनं २००४ मध्ये ते खाऊच नका असं सांगितलं. शिवाय तपकिरी शेवाळांच्या भिंतीत अल्जिनेट असतं. ते कॅल्शियम धरतं तसं शिसं, कॅडमियमही धरून ठेवतं. बंदराच्या, कारखान्याच्या तोंडाशी वाढलेलं शेवाळ म्हणजे त्या पाण्याची वही, जे आलं ते नोंदलं. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनजवळच्या मोरेटन उपसागरात शास्त्रज्ञांनी लाल शेवाळाचे तुकडे काही दिवस पाण्यात टांगून ठेवले आणि त्यांच्यातल्या जड नत्राच्या, म्हणजे सांडपाण्यात जास्त असणाऱ्या, वजनाला जरा जड नत्र-अणूंच्या प्रमाणावरून सांडपाणी कुठवर पसरतं त्याचा नकाशा काढला. शेवाळानं खाल्लेलं लपवता येत नाही.

म्हणून माझ्या दोन पिशव्यांमधला तिढा अजून सुटलेला नाही. प्रोटीन व्हाळाकडच्यात जास्त, पण खायची वेळ आली तर मी खडपावरचं उपाशी, पिवळट शेवाळच उचलेन. भाच्याला हेच सांगितलं असतं, जागा असता तर.

तो उठल्यावर चहा पिताना म्हणाला, "मग पुडी घेऊ का नको?" मी म्हटलं, कंपनीला विचार, कुठलं आणि कधीचं. त्यानं खरंच मेल टाकली. उत्तरात पाच टक्के सवलतीचं कूपन आलं.

परवा पौर्णिमा होती. सुकती सकाळीच होती, म्हणून मी आणि तो खडपावर जाऊन आलो. त्याला खडपावर चालता येत नाही, दोनदा घसरला. थोडं अल्वा, थोडं पॅडिना आणलं. पॅडिनाच्या पंख्यांवर चुन्याच्या पांढऱ्या रेघा बघून त्याला वाटलं कोणी खडूनं काढल्यात. शेवाळानं समुद्रातूनच घेतलेला चुना तो, आणि त्यामुळे पॅडिनाची राख नेहमीच भरपूर भरते. पिशव्यांवर मी पेननं जागा, तारीख, सुकतीची वेळ लिहिली. सवय.

परसात बादली ठेवली तशी आई मागच्या दारात येऊन उभी राहिली. आता ऐंशीला टेकलीय, पण नळ तिच्याच हाताशी. बादलीत वाकून बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"ह्या धुवू काय नको?"

"समुद्राच्या पाण्यानं धुतलंय आई."

"खारा लागतला," ती म्हणाली, आणि बेसनाचा डबा काढायला आत गेली.